काजळी नव्हती ती

मार्गशीर्ष सरत आला होता. मी फुलावर आलेल्या हरभऱ्यात उकिडवा बसून तण काढत होतो, तेव्हा वडगावहून एक जण मोटारसायकलवर आला आणि बांधावर गाडी चालूच ठेवून म्हणाला, "तात्या, अप्पा गेले. त्यांच्या पोरानं, उमाकांतशेठनं निरोप दिलाय, येताना खोरं घेऊन या." मी विचारलं, खोरं कशाला, तिकडं खोरी काय कमी आहेत? तर म्हणाला, अप्पांनीच सांगून ठेवलं होतं, खड्डा मारुतीच्या, म्हणजे माझ्या, हातानं सुरू करायचा. मी खुरपं तिथंच मातीत रोवलं. घरी जाऊन खोरं घेतलं. कौसा, म्हणजे माझी बायको, खोरं बघूनच खाली बसली...

महालिंगअप्पा लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला मातीत बसवतात, मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा. अप्पाची जागा त्याच्याच रानात, ओढ्याकाठच्या तुकड्यात धरली होती, आणि त्या तुकड्यातही हरभराच होता. सगळे बाजूला उभे राहिले आणि मी पहिले घाव घातले. तिसऱ्या-चौथ्या घावाला एक रोप मुळासकट वर आलं. माझा हात आपोआप मुळाकडे गेला. मुळावर बारीक गाठी होत्या. त्यातली एक मी नखानं फोडली. आत लाल निघालं, ओलं, ताज्या जखमेसारखं. "काय हुडकायलाव तात्या?" असं कुणीतरी विचारलं. मी रोप बाजूला ठेवलं. तेवढ्यात मागे एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काजळीअप्पा गेला बे." दुसरा म्हणाला, "लई चांगला माणूस, पण काजळी विकली त्यानं." मी ऐकलं. खोरं हातात होतं, चार पावलं मागे फिरून बोलायचं होतं. मी बोललो नाही, खणत राहिलो.

काजळीअप्पा हे नाव अप्पाला माझ्यामुळं पडलं. ते खोटं नाव होतं आणि ते खोटं आहे हे मला आणि कौसालाच पुरतं ठाऊक होतं. मी चौथी शिकलेला माणूस. पेपरात लिहिणं हे माझं काम नव्हे. अक्षर माझं आहे, ऱ्हस्व-दीर्घ नातीनं बघितलंय. वाक्य मात्र मी तिला एकही बदलू दिलं नाही. बाजारात चारचौघांत जे बोललो ते घरात बसून मागे घेता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही एका बाकावर चौथीपर्यंत शिकलो. मग मला मेंढरांमागं पाठवलं आणि अप्पा शिकत गेला, मॅट्रिक झाला, बापाच्या दुकानात बसला. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान. चारचौघांत मी त्याला तुमी म्हणायचो, दुकान उभं होतं ना त्याच्यामागं. दोघंच असलो की तू. त्याची एक खोड होती. कुणाच्याही रानात गेला की पीक बघायच्या आधी एक रोप उपटायचा आणि मूळ बघायचा. लोक म्हणायचे, अप्पा, पीक वर असतं. तो म्हणायचा, वर तर सगळेच बघतात.

मग ती सालं आली. एसटीडीचे पिवळे डबे बाजारात उभे राहिले, स्टँडवर परदेशी थंड्याच्या बाटल्या आल्या, घरांवर टीव्हीच्या छत्र्या बसल्या, आणि आमच्या काळ्या रानात सोयाबीन आलं. तोवर आम्ही ज्वारी, तूर, कापूस जाणत होतो. सोयाबीन कुणाच्या बापानंही पेरलं नव्हतं. अप्पा परभणीला शिबिराला गेलता, तिथून पाव पाव किलोच्या पुड्या घेऊन आला. आत काळी भुकटी. दुकानात गल्ल्याशेजारी त्यानं एक माठ ठेवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पुड्या माठात ठेवल्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ गोणपाटावर तांब्यानं पाणी शिंपायचा. गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी माठ.

मी म्हणालो, "अप्पा, काजळी विकायलास का आता?"

"जीव हायेत त्यात."

"कसले जीव?"

"डोळ्याला दिसत न्हाईत असले. बियाला लावून पेरायचे. ते हवेतलं नत्र धरून पिकाला देतात."

मी एवढा हसलो की गोणी उचलणारे हमालसुद्धा थांबले. म्हणालो, "हवा खाऊन पीक वाढायलंय म्हण की. मग तू युरिया कावून विकायलास?"

"तेच तर," अप्पा म्हणाला. "युरियात जे हाय ते हवेतच हाय. पाच हिश्शातले चार हिस्से हवा म्हणजे नत्रच. आपण त्यात बुडून बसलोय आणि पिकाला कण मिळत न्हाई. कावून? तर ते नत्र जोडीनं राहतं. दोघं जण तीन-तीन गाठी मारून एकमेकाला धरून बसलेले. पिकाच्यानं त्या गाठी सुटत न्हाईत. कारखान्यात सोडवतात, तर केवढी भट्टी लागती, केवढा दाब लागतो. आणि हे..." त्यानं माठाकडे बोट केलं, "हे तेच काम थंड मातीत करतात. आवाज न्हाई, धूर न्हाई."

"आणि सोडवून काय करतात?"

"सकाळी मेंढरं बसवलेल्या जागी गेलास की नाकात काय झोंबतं?"

"मुताचा वास."

"तो वास ज्याचा हाय, ते करतात. हवेचं."

मेंढरांचं नाव काढल्यावर मी हसायचा थांबलो, कारण ते माझं रान. रानात मेंढरं बसवली की पीक काळंभोर येतं हे माझ्या आज्यापासून ठाऊक. पण डोळ्याला न दिसणारी मेंढरं माठात ठेवून त्यांच्यावर पाणी शिंपणारा माणूस मी बघितला नव्हता.

अप्पानं एक पुडी माझ्या हातात दिली. माझं सोयाबीनचं रान रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. त्याला तेच हवं होतं. म्हणाला, अर्ध्या बियाला लाव, अर्ध्याला नको, लोकांना दोन्ही बघू दे. आणि तीन गोष्टी सांगितल्या. गुळाचं पाणी कर, पण पूर्ण गार होऊ दे, मग भुकटी कालव. बियाला हलक्या हातानं चोळ. सावलीत सुकव आणि त्याच दिवशी पेर. "ऊन लागू देऊ नको त्यास्नी," म्हणाला, "मरतील." बाळंतिणीबद्दल बोलावं तसं बोलत होता.

आता माझं शहाणपण ऐका. घरी कौसानं गूळ पाण्यात टाकून चुलीवर ठेवला होता. मी म्हटलं, नुसत्या पाण्यानं भुकटी बियाला धरणार नाही, लाडवाला करतो तसा पाक पाहिजे. उकळवला. आणि उकळता पाक खाली घेतल्या-घेतल्या त्यात पुडी फोडून टाकली, कारण पाक गार झाला की घट्ट होतो, कालवता येत नाही. मग बी चोळलं आणि पत्र्यावर, ज्येष्ठाच्या उन्हात पसरलं. आमच्यात बी उन्हात वाळवल्याशिवाय पेरत नाहीत. सावलीत सुकवलेलं बी म्हणजे अर्धवट काम, असं आम्ही समजतो.

कौसा म्हणाली, "अप्पा सावलीत म्हणालते ना? आणि पाणी गार करा म्हणालते."

"मला बी वाळवायला शिकवती का? दुकानात बसणाऱ्याला काय ठावं."

"मी न्हाई शिकवत. अप्पा शिकवायलेत."

"गप."

ती गप बसली. पण कौसाचं गप बसणं म्हणजे लिहून ठेवल्यासारखं असतं.

बी जरा विरळ उगवलं. महिना-सवा महिना झाला आणि दोन्ही पट्टे सारखेच पिवळे, कावीळ झाल्यासारखे. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, तात्या, अप्पाची काजळी कुठल्या पट्ट्याला? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाजाराच्या दिवशी मी दोन्ही पट्ट्यांतली मूठ-मूठ रोपं उपटली. मुळं पांढरी, सुताच्या धाग्यासारखी साफ, एक गाठ नाही. तशीच नेऊन वडगावला अप्पाच्या गल्ल्यावर टाकली. माती उडाली. दुकानात आणि पायरीवर तीस-चाळीस माणूस.

"हे घ्या तुमचं हवेतलं खत," मी म्हणालो. "काजळी विकता व्हय लोकास्नी?"

लोक हसले. अप्पा हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं रोपं उचलली, मुळं उलटी-पालटी करून बघितली. मग एकच विचारलं.

"मारुती, गुळाचं पाणी कोमट व्हतं का गार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "गार."

अप्पानं माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग रोपं गल्ल्याच्या कडेला नीट ठेवली, पागोटं सरळ केलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला, काय पाहिजे."

त्या दिवसापासून त्याचं नाव काजळीअप्पा. हरभऱ्यासाठी ज्यांनी पुड्या सांगून ठेवल्या होत्या त्यांनी नको म्हणून सांगितलं. अप्पाचं स्वतःचं सोयाबीन ओढ्याकाठी हिरवंगार उभं होतं, तर लोक म्हणाले, रातच्याला युरिया टाकत आसंल. दुकानदाराचं दुकान मालावर चालत नाही, जबानीवर चालतं. बापानं आणि त्यानं मिळून जमवलेली जबान त्या बाजारात माझ्या एका शब्दानं पडली, हे अप्पाला कळत होतं. आणि माझ्या रानात काय झालं असेल हेही त्याला कळत होतं. तो फक्त "याच्या बायकोला विचारा" एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. तो म्हणाला नाही. माठावर मात्र पाणी शिंपत राहिला. पुड्या कुणी घेत नव्हतं, तरी.

मला झोप लागेना असं मी म्हणणार नाही, मला झोप लागत होती. पण त्याचं ओढ्याकाठचं हिरवं रान डोळ्यासमोरून जाईना. मेंढरामागं वाढलेला माणूस मी, हिरवा रंग मला फसवत नाही. युरियाचा हिरवा वेगळा, हा वेगळा होता. एका दुपारी, सगळे जेवायला गेले असतील असं बघून, मी त्याच्या रानात शिरलो आणि एक रोप उपटलं. मूळ बाहेर आलं ते गाठींनी लगडलेलं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकीला एक चिकटून. मी पाणी घालून माती धुतली. मग एक गाठ नखानं फोडली.

आत रक्त होतं. दुसरा शब्द मला येत नाही. झाडाच्या मुळात रक्त. मी खाली बसलो. दुसरी फोडली, तिच्यातही. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं मी मातीवर चाललो, झोपलो, मातीत जनावरं पुरली, आणि पायाखाली हे चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती.

"तिसरी बी फोड," मागून आवाज आला. अप्पा बांधावरच्या बाभळीखाली बसून भाकरी खात होता. तो तिथंच होता, पहिल्यापासून.

मी उठलो नाही. तो येऊन माझ्याजवळ बसला. बाजाराचं काही बोलला नाही. म्हणाला, "त्या लाल रंगाचं काम आपल्या रक्तासारखंच हाय. वारा मोजून आत सोडायचं. त्या जीवांना श्वासापुरता प्राणवायू पाहिजे, पण जास्त झाला की त्यांचं यंत्र बिघडतं. म्हणून झाडानं त्यांच्यासाठी ही लाल खोली बांधली. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. कुणी कुणाचा नोकर न्हाई."

"आपल्या रानात हे नव्हतेच का कधी?"

"तुरीचे हायेत, हरभऱ्याचे हायेत. सोयाबीन नवं, त्याचे सोबती या मातीत नव्हते. बोलावून आणावं लागतं."

मी फुटकी गाठ तळहातावर घेतली. मग म्हणालो, "विजेचा पाऊस झाला की पीक दुसऱ्या दिवशी काळं दिसतं. आमचा आजा म्हणायचा."

अप्पानं भाकरी खाली ठेवली. मला आठवतं, त्याचा चेहरा उजळला. "बरोबर म्हणायचा तुझा आजा. ती जोडी आभाळात फोडायला वीजच लागती, कडकडाट करून. आणि ते नत्र पावसातून खाली येतं." मग माझ्या तळहातावरच्या फुटक्या गाठीवर बोट ठेवून म्हणाला, "जे तिथं वीज करती, ते हितं हे करायलेत. आता, या घडीला. ऐकू येतं का काही?"

आम्ही दोघंही ऐकत बसलो. ओढ्याचं पाणी, लांब कुणाच्या तरी बैलाची घंटा. मातीतून काहीच नाही. मी माझ्या आयुष्यात देवळात बसलोय, खंडोबाला गेलोय, पण त्या दुपारी त्या शांततेत बसल्यावर अंगावर जो काटा आला तो पुन्हा आला नाही...

पुढच्या रविवारी तो मला हायस्कूलात घेऊन गेला. विज्ञानाच्या मास्तरांकडून चावी आणली होती. दुर्बिणीसारखं यंत्र, पण खाली बघायचं. गाठीचा रस काचेवर लावला आणि मला बघायला लावलं. आधी माझ्या पापणीचे केसच दिसले. मग धुकं. मग अप्पानं चाक जरासं फिरवलं आणि धुक्यात ठिपके दिसले, बारीक, बाजरीच्या कोंड्याहून बारीक, आणि एवढे की मोजायला जन्म पुरणार नाही. ते हलत होते. एका गाठीच्या एका थेंबात एवढे, आणि एका रोपाला अशा कितीतरी गाठी, आणि एका रानात... मी हिशोब सोडून दिला. डोळा काढून विचारलं, "यास्नी आपण दिसतो का?"

"न्हाई," अप्पा म्हणाला. "त्यांना आपलं काय पडलंय."

तिथंच सांगायला पाहिजे होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पण सांगितलं असतं तर ते बाजारात जाऊनही सांगावं लागलं असतं, आणि माझी मान तेवढी लवचिक नव्हती. मी म्हणालो, "चल, उशीर झाला."

पुढच्या साली मी कौसाला पुडी आणायला पाठवलं. स्वतः गेलो नाही. अप्पानं माठातली पुडी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, पाणी गार होऊ द्या." कौसानं घरी येऊन मला तो शब्द तसाच्या तसा सांगितला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी त्या वेळी परातीत गुळाचं पाणी गार केलं, वारंवार बोट घालून बघितलं, वासरू पाजताना दूध बघतो तसं. बी पिंपळाच्या सावलीत सुकवलं. त्या साली माझं रस्त्याकडचं रान असं उभं राहिलं की पाटोद्याकडचा एक अनोळखी शेतकरी एसटीतून उतरून विचारायला आला. गावातलेही विचारत होते, तात्या, काय टाकलंय?

मी म्हणालो, "मेंढरं बसवली व्हती."

मेंढरं बसवली होती हे खरं, पण ती पलीकडच्या तुकड्यात. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट, कारण पहिलं रागात बोललो होतो, हे थंड डोक्यानं. अप्पाच्या कानावर ते गेलं असणार. पुढच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "काय मारुतराव, मेंढरं बरी हायेत का?" मी म्हणालो, "बरी हायेत." त्यावर तो मनापासून हसला. त्याला राग आला नाही म्हणून मलाच त्याचा राग आला, असा मी माणूस.

हळूहळू लोक आपणहून पुड्या घ्यायला लागले. आता तर सरकारी माणूसही सांगतो. पण नाव गेलं नाही. पुडी मागतानाही म्हणायचे, अप्पा, एक काजळी द्या. अप्पा द्यायचा. कधीमधी दुकानात मी बसलेला असताना कुणी असं म्हणालं की तो माझ्याकडे बघायचाच नाही. मला वाचवायसाठीच तो नजर टाळायचा, हे मला कळायचं.

दिवाळीनंतर तो अंथरुणाला खिळला. जायच्या आधी पंधरा दिवस मी भेटायला गेलो. उमाकांतची बायको चहा ठेवून गेली. मी येताना रानातून हरभऱ्याचं रोप मुळासकट नेलं होतं, फुलं नेतात तसं. त्यानं ते छातीवर धरलं. गाठ फोडायला बघत होता, नखात बळ नव्हतं. मी फोडून दाखवली. लाल होती. "चालू हाय," तो म्हणाला, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. मग मी घसा साफ केला. म्हणालो, "अप्पा, त्या सालच्या गुळाच्या पाण्याचं..."

त्यानं हात वर केला. "मला ठावं हाय बे. मला सांगून काय करतोस."

एवढंच. घरी आलो तेव्हा मला वाटलं की त्यानं माफ केलं. खड्ड्याच्या काठावर ते दोघं "काजळीअप्पा" म्हणाले तेव्हा मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण त्याला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं होतं, आणि त्यासाठी तो आठ-नऊ वर्षं थांबला होता. त्यानं मला खोरं घेऊन यायला का सांगितलं तेही तेव्हा कळलं. सगळा बाजार तिथं जमणार होता. मला जागा करून दिली होती त्यानं. तीही मी घालवली.

तर आता सांगतो. वडगावच्या बाजारात, त्या दिवशी जे पायरीवर होते आणि ज्यांच्यापर्यंत हा पेपर जाईल, त्यांनी ऐकावं. अप्पानं विचारलं, पाणी कोमट होतं का गार. मी गार म्हणालो. पाणी उकळतं होतं. बी पत्र्यावर उन्हात वाळवलं होतं. त्या पुडीतले जीव मी माझ्या हातानं मारले, आणि पुढच्या साली जे रान तुम्ही बघितलंत ते मेंढरांचं नव्हतं, अप्पाच्या पुडीचं होतं. काजळी नव्हती ती.

दिवस झाल्यावर उमाकांतनं दुकानातला माठ माझ्याकडे पाठवून दिला. दुकानात आता फ्रिज आलाय. गोणपाट जुनंच आहे, एका बाजूनं विरलेलं. मी तो ओट्यावर सावलीत ठेवलाय. पुड्या यायला अजून चार महिने आहेत, आत काहीच नाही. कौसा म्हणते, रिकाम्या माठावर कशाला पाणी घालायलाव? मी सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्या घेऊन जातो, गोणपाट भिजवतो. मग आत हात घालून तळाला टेकवतो आणि गार लागेपर्यंत काढत नाही.